भूल

माझ्या धंद्याला आमच्या भागात धड एक नाव नाही. बेळगावच्या पेठेत मला 'भूल देणारे डॉक्टर' म्हणतात. खानापूरकडच्या खेड्यांतून येणारी माणसे 'गुंगीचे डॉक्टर' म्हणतात. ज्यांना दोन्ही शब्द सुचत नाहीत, त्यांच्या लेखी मी 'ते दुसरे डॉक्टर'. पहिले म्हणजे अर्थात सर्जन. पुस्तकी मराठीत 'बधिरीकरण' आणि 'संवेदनाहरण' असे दोन भारदस्त शब्द आहेत, पण ते कुणा रुग्णाच्या तोंडून मी आजवर ऐकलेले नाहीत. कन्नडमध्ये याला 'अरिवळिके' म्हणतात. 'अरिवु' म्हणजे जाणीव. तिचा लोप म्हणजे अरिवळिके. घरी मराठी आणि शाळेत कन्नड शिकलेल्या माझ्यासारख्याला हे सगळे शब्द एकाच गोष्टीची चार नावे वाटत आली. ती एकाच गोष्टीची नावे नाहीत, हे एका शिक्षिकाबाईंच्या प्रश्नामुळे माझ्या ध्यानात आले. पण त्याआधी थोडे या धंद्याविषयी.

१९८७ साली हुबळीला एम.बी.बी.एस. संपवून मी पुढच्या शिक्षणासाठी हा विषय घेतला, तेव्हा वडिलांनी एकच विचारले, "म्हणजे ऑपरेशन दुसराच करणार आणि तू नुसता बसणार?" त्यांचे वर्णन चुकीचे नव्हते. आम्ही रुग्णाच्या डोक्याशी स्टुलावर बसतो. सर्जनला पोट दिसते, आम्हाला चेहरा दिसतो. मी शिकत होतो त्या काळी आमच्याकडे बॉईल यंत्र होते, इथरची बाटली होती, रक्तदाबाचा पारा होता आणि स्वतःची बोटे होती. डावा हात श्वासाच्या रबरी पिशवीवर, उजव्या हाताची बोटे कानासमोरच्या नाडीवर, डोळे कानाच्या पाळीच्या रंगावर. पाळी निळसर दिसू लागली की समजायचे, काहीतरी बिघडते आहे. आणि सावळ्या माणसाच्या बाबतीत ते समजेपर्यंत बराच उशीर झालेला असे. बोटाला चिमट्यासारखे लावून रक्तातला प्राणवायू दाखवणाऱ्या यंत्रामागची कल्पना ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ सालीच मांडली होती, पण ते यंत्र आमच्या गावी पोहोचायला नव्वदचे दशक उजाडले. त्याचा टिक् टिक् आवाज पहिल्यांदा ऐकला त्या दिवशी मी घरी जाऊन जेवलो आणि लगेच झोपलो. तोवर ऑपरेशनच्या दिवशी झोप अशी कधी वेळेवर लागत नसे.

कशावर लक्ष ठेवायचे, यावरून आपल्याच मुलखात एकेकाळी मोठा वाद झालेला आहे. हैदराबादच्या मराठी वाचकांना तो ठाऊक असेल. क्लोरोफॉर्मने माणसे टेबलावर दगावत, तेव्हा आधी श्वास थांबतो की आधी हृदय, हा तो प्रश्न. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे, श्वास सांभाळा, नाडीकडे बघत बसू नका. निजामाच्या पैशातून १८८८ साली एक आणि १८८९ साली दुसरे असे दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी 'लॅन्सेट' या नियतकालिकाने लॉडर ब्रंटन यांना खास लंडनहून पाठवले. कुत्र्यांवर आणि माकडांवर शेकडो प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला. त्याच हैदराबादेत रूपाबाई फर्दूनजी क्लोरोफॉर्म देण्याचे काम करीत. जगातली पहिली स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचे नाव घेतात. आयोगाचा निष्कर्ष मात्र अर्धाच खरा ठरला. १९११ साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाची लय एकाएकी बिघडून माणूस जाऊ शकतो. आता आम्ही दोन्हींकडे बघतो.

सीमाभागात या धंद्याला एक जास्तीचे काम लागते, ते भाषेचे. भूल देण्यापूर्वी पोट रिकामे हवे, नाहीतर गुंगीत उलटी होऊन अन्न फुप्फुसात जाते. म्हणून मी विचारतो, "जेवलात का?" उत्तर येते, "नाही." कन्नडमध्ये "ऊटा आतेनरी?" विचारले तरी "इल्लरी." दोघेही खरेच बोलत असतात. कारण मराठीत जेवण म्हणजे भाकरी-भात, कन्नडमध्ये ऊटा म्हणजेही तेच. सकाळी खाल्लेले वाटीभर पोहे आणि चहात बुडवलेली चार खारी बिस्किटे जेवणात कशी धरायची? म्हणून मी आता "उठल्यापासून तोंडात काय काय घातलं?" असे विचारतो. मग पोहे निघतात, केळे निघते, एकदा तर आदल्या घरच्या लग्नातला लाडू निघाला होता.

तर त्या बाई. पित्ताशयात खडे झालेले, वय पंचावन्नच्या आसपास. घरी मराठी, नोकरी मात्र सगळी कन्नड शाळेत. त्यामुळे अर्धे गाव त्यांना 'बाई' म्हणे आणि अर्धे 'अक्कोरु'. खड्यांमुळे तीनदा पोटात कळ येऊन त्या रात्री-अपरात्री दवाखान्यात दाखल झाल्या होत्या आणि तीनही वेळा दुखणे ओसरताच ऑपरेशन पुढे ढकलून घरी गेल्या होत्या. चौथ्या खेपेला कावीळ दिसू लागली, तेव्हा सर्जनने मला सांगितले, "त्यांना चाकूची भीती नाही, तुमची आहे. बघा जरा बोलून."

मी नेहमीचे प्रश्न विचारले. दमा आहे का, दात हलतात का, पूर्वी कधी भूल घेतली होती का. बाईंनी सगळ्यांची उत्तरे वर्गात द्यावीत तशी दिली. मग म्हणाल्या, "आता मी एक विचारते. भूल दिलेल्या माणसाला कळतच नाही, की कळतं आणि मागाहून विसरतं?"

मी म्हणालो, "असं का विचारता?"

त्यांच्या आईचे ऑपरेशन १९६० च्या दशकात झाले होते, दुसऱ्या एका जिल्ह्यात. घरी आल्यावर आईने सांगितले की ती जागी होती. पापणी उचलता येत नव्हती, बोट हलवता येत नव्हते, पण सगळे ऐकू येत होते. हत्यारे ताटलीत टाकल्याचा आवाज, डॉक्टरांच्या मुलीच्या लग्नाच्या कार्यालयाविषयीचे बोलणे. आणि दुखतही होते. घरच्यांनी आधी समजूत घातली, मग चेष्टा केली. डॉक्टर म्हणाले, औषधाचे स्वप्न. आईने पुढे तो विषय काढला नाही. मात्र मरेपर्यंत तिने थंडीतही कधी तोंडावरून पांघरूण घेतले नाही. "माझा आईवर विश्वास आहे," बाई म्हणाल्या, "म्हणून विचारते."

माझाही विश्वास बसला. त्याचे कारण वैद्यकीय आहे. १९४२ साली मॉन्ट्रियलच्या हॅरॉल्ड ग्रिफिथ यांनी क्युरारे हे स्नायू सैल पाडणारे औषध भुलेत वापरले. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणांच्या टोकांना लावत, तेच. सर्जनची मोठी सोय झाली, पोट लोण्यासारखे मऊ पडू लागले. पण या जातीची औषधे जाणिवेला हातही लावत नाहीत. ती फक्त स्नायू बंद करतात. अशा औषधाबरोबर भुलेचा वायू कमी पडला, तर माणूस आतून जागा आणि बाहेरून निश्चल, असे होऊ शकते. ओरडता येत नाही, कारण ओरडायलाही स्नायू लागतात. मी बाईंना हे सगळे सांगितले. भीती वाढेल म्हणून लपवावे, असे काही सहकारी म्हणतील. पण ज्या बाईला चाळीस-पन्नास वर्षे 'स्वप्न असेल' एवढेच ऐकावे लागले, तिला पुन्हा तेच ऐकवणे मला जमले नसते. आकडेही सांगितले. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१४ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. मागाहून आपण जागे होतो असे सांगणारे रुग्ण, पूर्ण भूल दिलेल्या साधारण १९,००० मागे एक. स्नायू सैल करणारे औषध दिले असेल तर ८,००० मागे एक, दिले नसेल तर १,३६,००० मागे एक.

बाईंनी आकडे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हे ज्यांना आठवलं त्यांचं झालं. मी विचारलं ते न आठवणाऱ्यांचं."

शिक्षिकेपुढे विषयांतर चालत नाही.

घरी येऊन मी पुन्हा वाचायला बसलो. या शास्त्राच्या जन्मातच हा प्रश्न आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने इथर हुंगवून एका रुग्णाच्या मानेवरची गाठ काढताना भूल दिली. पेटंट मिळावे म्हणून त्याने त्या इथरला रंग घालून 'लेथिऑन' असे नाव दिले. ग्रीक पुराणातल्या लेथी नदीचे पाणी प्याले की मागचे सारे विसरते, त्या नदीवरून. वासाने बिंग फुटले ते सोडा. पण त्याच वर्षी ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी मॉर्टनला पत्र लिहून दुसरे नाव सुचवले, 'ॲनेस्थेशिया', म्हणजे संवेदनेचा अभाव. एका नावात विसरणे, दुसऱ्यात न जाणवणे. जगाने दुसरे उचलले. आपण मराठीत 'भूल' आणि 'संवेदनाहरण' असे दोन्ही ठेवले आहेत.

आज आपल्याला कळते ते असे. भूल ही एक गोष्ट नाही, चार गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत. जाणीव जाणे, वेदना न पोहोचणे, आठवण न उमटणे आणि शरीर न हलणे. 'अरिवळिके' पहिलीला पकडते, 'बधिरीकरण' दुसरीला, 'भूल' तिसरीला. चौथीसाठी आपल्या कुठल्याच भाषेत नाव नाही, आणि घोटाळा तिथेच होतो, कारण डोळ्यांना दिसते ती फक्त चौथी. वायूचे प्रमाण ठरवण्याचे आमचे जुने माप साठच्या दशकात तयार झाले, तेही हलण्यावरच बेतलेले आहे. त्वचेवर चीर दिली असता निम्मे रुग्ण हलत नाहीत, ते प्रमाण म्हणजे एक. नव्वदच्या दशकात प्राण्यांवरच्या प्रयोगांतून असे दिसले की हे न हलणे मुख्यतः पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत ठरते, मेंदूत नव्हे. म्हणजे निश्चल पडलेला देह वरच्या मजल्याविषयी फारसे काही सांगत नाही.

वरच्या मजल्यावर काय होते, याचा शोध ऑलिव्ह तेलापासून सुरू झाला. १८९९ आणि १९०१ साली मेयर आणि ओव्हर्टन या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवले की जे द्रव्य तेलात जितके जास्त विरघळते तितकी त्याची भूल जोरदार. त्यामुळे पुढची कित्येक वर्षे सगळे धरून चालले की भुलेचे द्रव्य मेंदूच्या पेशींच्या स्निग्ध पडद्यात मिसळते आणि पेशी मंदावते. १९८४ साली लंडनच्या फ्रँक्स आणि लीब यांनी काजव्याचा प्रकाश ज्या प्रथिनामुळे पडतो ते घेतले, ज्यात तेलाचा थेंबही नाही, आणि भुलेची द्रव्ये त्याचेही काम तितक्याच हिशेबाने बंद पाडतात असे दाखवले. तेव्हापासून लक्ष प्रथिनांकडे वळले. आता ठाऊक आहे की प्रोपोफॉल, म्हणजे आम्ही शिरेतून देतो ते दुधासारखे पांढरे औषध, मेंदूत 'गाबा' नावाच्या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते. केटामाइनचा मार्ग निराळा. त्यात डोळे उघडे राहू शकतात, वेदना जाते आणि माणूस कुठे भलतीकडेच असतो.

आणि ही झोप नव्हे. आम्ही रुग्णाला सांगताना "आता झोप लागेल" म्हणतो, ती आमची सवय. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो उठतो. भूल ही परतता येण्याजोगी बेशुद्धी आहे. प्रोपोफॉल दिलेल्या मेंदूच्या लहरी पाहिल्या तर मेंदू गप्प बसलेला नसतो. एरवी त्याचे वेगवेगळे भाग आठवडी बाजारासारखे बोलत असतात, प्रत्येकाचे वेगळे, पण एकमेकांना ऐकू येणारे. भुलेत ते सगळे मिरवणुकीतल्या ढोलासारखे एका संथ ठेक्यात वाजू लागतात. आवाज मोठा, पण त्या आवाजात शेजारच्याशी बोलता येत नाही. जाणीव म्हणजे ते शेजारच्याशी बोलणे असावे, असे मला वाटते. अभ्यासकही साधारण तिकडेच झुकलेले आहेत.

पण बाईंचा प्रश्न उरलाच. न आठवणाऱ्यांचे काय? त्यासाठी १९७७ साली टन्स्टॉल या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने एक साधी युक्ती वर्णन केली आहे. स्नायू सैल करणारे औषध देण्यापूर्वी एका दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधून तो घट्ट फुगवायचा. औषध रक्तातून सगळीकडे जाते, त्या हातात मात्र पोहोचत नाही. सगळे शरीर बंद, एक हात मोकळा. मग रुग्णाला हाक मारून म्हणायचे, ऐकू येत असेल तर हात दाबा. काही जण दाबतात. मागाहून त्यांना बहुधा काही आठवत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत मिळून केलेल्या एका अभ्यासात श्वासनळीत नळी घातल्यानंतर २६० रुग्णांपैकी १२ जणांनी हात दाबून उत्तर दिले. म्हणजे बाईंचा प्रश्न वेडगळ नव्हता. क्वचित, काही क्षण, कळते आणि विसरते.

दुसऱ्या दिवशी हे त्यांना जसेच्या तसे सांगितले आणि म्हटले, "तुमची इच्छा असेल तर तुमचा एक हात मोकळा ठेवतो. मी तो धरून बसेन. ऐकू आलं तर दाबा, मी लगेच औषध वाढवेन."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हाक कुठल्या भाषेत माराल?"

"मराठीत."

"कन्नडमध्येही मारा. तीस वर्षं 'अक्कोरु' म्हटलं की मी वळून बघते."

ऑपरेशनच्या सकाळी सर्जनने पट्टा पाहून भुवया उंचावल्या, पण काही म्हणाले नाहीत. त्यांना दुर्बिणीची तयारी करायला तशीही दहा मिनिटे लागतात, आणि पट्टा त्याहून फार वेळ ठेवता येत नाही, हात बधिर होतो. प्रोपोफॉल शिरेत जाताना चरचरते, तसे बाईंनी तोंड वेडेवाकडे केले. मी त्यांना कितवीचा वर्ग आहे विचारले. "पाचवी, ब तुक—" एवढे म्हणून त्या थांबल्या. पापणीला बोट लावले, हालचाल नाही. पट्टा फुगवला, स्नायूंचे औषध दिले, नळी घातली. बाहेर पडणाऱ्या श्वासात वायूचे प्रमाण किती ते यंत्रावर दिसत होते. कपाळावरच्या पट्टीतून मेंदूलहरींचा अंदाज देणारा आकडाही चाळीस ते साठच्या मध्ये होता. तो आकडा हा अंदाजच असतो, मी त्याला पंचांगाइतके मानतो. मग त्यांचा उजवा हात माझ्या हातात घेतला आणि कानाशी वाकून म्हणालो, "बाई, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा."

हात गरम होता, सैल होता. खडूने बोटांची टोके फाटलेली होती.

मिनिटभराने पुन्हा विचारले. मग सिस्टरला म्हटले, तुम्ही विचारा. ती त्यांच्याच शाळेत शिकलेली निघाली. तिने मास्कच्या आतूनच, वर्गात हजेरीला उभे राहिल्यासारखे अंग सावरून, "अक्कोरु" अशी हाक मारली आणि कन्नडमध्ये तेच सांगितले. ऑपरेशन थिएटरात त्या वेळी कुणीच बोलत नव्हते. सर्जनही हातातले हत्यार तसेच धरून उभे होते. हात हलला नाही. पट्टा सोडला, सर्जनला मान डोलावली आणि काम सुरू झाले.

पाऊण तासात खडे बाहेर आले, मुगाएवढे, पुष्कळ. बाई डोळे उघडताना पहिल्यांदा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या. सिस्टर म्हणाली, "गप्प बसा म्हणताहेत, पोरांना."

संध्याकाळी मी वॉर्डात गेलो तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या. मला बघताच विचारले, "मी हात दाबला?"

"नाही."

"किती वेळा विचारलंत?"

"मी दोनदा मराठीत. सिस्टरने एकदा कन्नडमध्ये."

"दाबला असता तरी आता मला आठवलं नसतं. होय की नाही?"

"होय."

"म्हणजे सगळं तुमच्या शब्दावर आलं."

यावर मला काही बोलता आले नाही, कारण ते खरे होते. त्यांनी दारातून जाणाऱ्या सिस्टरला आत बोलावले आणि कन्नडमध्ये, मी तिथे नसल्यासारखे, तोच प्रश्न तिला विचारला. सिस्टरने माझ्याकडे न पाहता मान हलवली. "इल्लरी, अक्कोरु." बाईंनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहून घेतले. मग उजव्या हाताची मूठ दोनदा मिटली, उघडली, आणि पाणी केव्हा पिता येईल असे विचारले.